चोडणची पाखरे आणि एक डबी

माणसाला छंद कोणता लागेल याचा नेम नाही. कोणी काड्यापेट्यांची चित्रे जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तर जुन्या कुलपांचे पोटभाडेकरू होऊन स्वतःच्याच घरात राहतात. पण माझ्या भाच्याचा छंद ऐकल्यावर मी क्षणभर गप्पच झालो. हा मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे. सुटीच्या दिवशी तो रानावनांतून, पुलांखालून, पडक्या भिंतींतून हिंडतो आणि परक्या लोकांनी लपवलेल्या डब्या शोधून काढतो. डबीत काय असते? एक वही. तिच्यात आपले नाव लिहायचे, डबी होती तशी ठेवायची आणि घरी परतायचे.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढंच, मामा," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे काही समाधान होते की मला पुढे थट्टा करवेना.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. त्याची जन्मतिथी पक्की सांगता येते. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकन उपग्रहांच्या संदेशांत लष्करी कारणासाठी मुद्दाम घोळ घातलेला असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला आपला ठावठिकाणा शंभरेक मीटरच्या फरकानेच कळे. मे 2000 च्या आरंभी तो घोळ बंद झाला. लगेच 3 मे रोजी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज तोच खेळ जगभर चालतो. मात्र पहिल्या बादलीने जे दोन प्रकार केले, जमिनीत पुरणे आणि आत खाऊ ठेवणे, ते दोन्ही आता निषिद्ध आहेत. ज्याची जागा त्याची परवानगी घ्यावी असाही नियम आहे. आणखी एक नियम आमच्या कथेला कारण झाला: डबी लपवणाऱ्याने तिची देखभाल केली पाहिजे. सुटीवर आलेल्या पाहुण्याने डबी ठेवून निघून जाणे या मंडळींत मान्य नाही.

"म्हणून तुम्ही राखणदार," भाचा म्हणाला. मी म्हापशाला राहतो. आमच्याकडे राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवरचा देव. त्या पदावर बढती कोणाला नको असते? मी हो म्हटले. "कुठे ठेवायची?" "चोडणला! पाखरांच्या अभयारण्यात!"

चोडण हे मांडवीच्या मुखाजवळचे बेट. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने थोड्याच वेळात तिथे पोचता येते. त्याच्या पश्चिम टोकाला कांदळवनाचा पावणेदोन चौरस किलोमीटरचा तुकडा आहे. 1988 साली तो अभयारण्य झाला आणि त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव मिळाले. पक्ष्यांच्या मागे उभा जन्म घालवलेले डॉक्टर त्याच्या आदल्याच वर्षी, 1987 मध्ये, निवर्तले होते.

गेल्या जानेवारीत आम्ही वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन निघालो. वेळ आम्ही नव्हे, समुद्राने ठरवली. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि खाडीच्या आतल्या फाट्यांत पुरेसे पाणी चढल्याशिवाय होडी शिरत नाही. आमचा होडेकरी साठीच्या पुढचा, मितभाषी. त्याने आधी भाच्याचा भडक नारिंगी सदरा पाहिला, मग आपले जुने खाकी जाकीट काढून त्याला दिले. दुसरे म्हणजे फोनचा आवाज बंद करायला लावला. पाखराचा आवाज फोनवर वाजवून पाखराला बोलावणारे हौशी त्याने पुष्कळ पाहिले होते. त्यांच्याविषयी तो जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

आत शिरलो आणि जग बदलले. तिवराच्या श्वासमुळांच्या हजारो काड्या चिखलातून वर आलेल्या. त्यांतून निवट्या टुणटुण उड्या मारताहेत. एकच नांगा मोठा असलेले खेकडे तो वरखाली हलवून कोणाला तरी बोलावताहेत. पाणी चढेल तशी चिखलावर चरणारी तुतवारे मागे मागे सरकत होती. गळ्याला पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या एका फांदीवर बसला होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो विरळाच. मी त्याला पाहिला तेव्हा भाचा हातातल्या यंत्राकडे पाहत होता.

"मामा, ती ढोली!" तो एकदम कुजबुजला. वाकलेल्या एका जुन्या तिवराला खरोखरच फर्मास पोकळी होती. आत एक डबी अशी बसली असती की ब्रह्मदेवाला सापडू नये. होडीपासून दहा-बारा पावले. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतली.

होडेकऱ्याने वल्हे आडवे धरले. "बाब, थंय पाय घालूं नाका."

मग त्याने वर बोट दाखवले. पानांच्या गर्दीत, मान अंगात घेऊन, दहा-पंधरा रातबगळे झोपले होते. लाल डोळ्यांचा एकच जागा होता आणि तो आमच्याकडे पाहत होता. हा पक्षी रात्रपाळीचा कामगार. दिवसा त्याला उठवले तर तो उन्हात घिरट्या घालीत राहतो. आणि घरट्यांच्या दिवसांत आईबाप उठले की कावळे अंड्यांवर आलेच.

"एकदाच तर जाणार," भाचा म्हणाला.

"तू एकदा," मी म्हणालो. "पण डबी ठेवलीस की येणारा प्रत्येक जण एकदाच येणार. वर झाडाखाली यंत्राचा अंदाज पाच-दहा मीटर चुकणार, म्हणजे प्रत्येक जण पाव तास चिखल तुडवत शोधणार. ही श्वासमुळे म्हणजे झाडाची नाकं आहेत. महिन्या-दोन महिन्यांत इथे पायवाट पडेल." जवळच मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या भरतीबरोबर डुलत होत्या. एखाद्या मोठ्या भरतीला त्याची डबीही त्यांच्यात जाऊन मिळाली असती. कायद्याचे तर मी बोललोच नाही. होडीतून फेरी मारण्याची परवानगी म्हणजे वस्तू ठेवण्याची परवानगी नव्हे.

पोरगा रुसला. अख्ख्या परतीच्या वाटेवर बोलला नाही. डबीसाठी त्याने जर्मनीहून खास पाण्यात न भिजणारी वही आणली होती, आणि परवा त्याचे विमान होते.

तोड त्यानेच काढली, फेरीच्या कठड्याला टेकून. या खेळात असाही प्रकार आहे की पहिल्या ठिकाणी डबी नसतेच. तिथे फक्त प्रश्न असतात, आणि उत्तरांच्या आकड्यांतून खऱ्या डबीचा पत्ता निघतो. पहिला प्रश्न अभयारण्य कोणत्या साली झाले हा. "ते घरबसल्या कळेल," मी म्हणालो. म्हणून दुसरा प्रश्न असा घातला की रायबंदरच्या धक्क्यावर, सर्वांसाठी मोकळ्या जागेत, उभे राहिल्याशिवाय तो सुटत नाही. तो काय हे इथे सांगितले तर भाचा पुढच्या सुटीला माझ्याकडे उतरणार नाही. डबी आहे नदीच्या अलीकडे, माझ्या एका स्नेह्याच्या कुळागरात, त्याच्या पूर्ण संमतीने आणि त्याच्या कुत्र्याच्या काहीशा नाराजीने. माहितीत भाच्याने भरतीच्या वेळा पाहून जा, वल्ह्याची होडी घ्या, खाली उतरू नका, एवढे लिहिले आहे.

महिन्यातून एकदा मी जाऊन वही पाहून येतो. आतापर्यंत सात नावे झाली. त्यांतल्या एका बाईंनी नावापुढे लिहिले आहे की डबी दहा मिनिटांत मिळाली, पण त्याआधी होडीत दोन तास गेले, कारण खंड्या हलायलाच तयार नव्हता.