वॉर्डाची रेघ आणि हरकतीचे सात दिवस

काचीगुडा, सुलतान बाजार इथली जुनी घरे सुटली, मुले हायटेक सिटीत नोकरीला लागली आणि आपल्यातली पुष्कळ कुटुंबे निजामपेट, मणिकोंडा, तेल्लापूर, अमीनपूरकडे राहायला गेली. डिसेंबर 2025 मध्ये या मंडळींकडून आमच्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता : आता आम्ही कोणत्या वॉर्डात, आणि तुंबलेल्या गटाराची तक्रार न्यायची कुणाकडे?

झाले होते असे. आउटर रिंग रोडच्या आत आणि त्याला लागून असलेल्या 27 नागरी संस्था, म्हणजे 7 महानगरपालिका आणि 20 नगरपालिका, जीएचएमसीत विलीन करण्याचे राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबरच्या शेवटी ठरवले. काही दिवसांतच शहराचे 150 ऐवजी 300 वॉर्ड करणारा मसुदा आला आणि त्यावर हरकती व सूचना देण्यासाठी सात दिवस मिळाले. वॉर्डनिहाय लोकसंख्या आणि नकाशे लोकांसमोर नाहीत, मग हरकत घ्यायची कशाच्या आधारावर, असा वाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ती माहिती जाहीर करायला सांगितली आणि मुदत दोन दिवसांनी वाढवली.

विलीनीकरण या शहराला नवे नाही. आपले चादरघाट एके काळी स्वतंत्र नगरपालिका होती, ती 1933 मध्ये हैदराबादेत मिसळली. 1960 मध्ये हैदराबाद आणि सिकंदराबाद या दोन महानगरपालिकांची एक झाली. 2007 मध्ये कुकटपल्ली, मलकाजगिरी, उप्पल अशा 12 नगरपालिका आत आल्या आणि जीएचएमसी जन्माला आली. तेव्हा कुकटपल्लीत राहणारे सभासद सांगतात की पहिली एक-दोन वर्षे कोणता कागद कुठल्या कार्यालयात हेच कळत नसे. पुढे बसले सगळे अंगवळणी.

या वेळी एक गोष्ट वेगळी होती. विलीन होणाऱ्या संस्थांच्या निवडून आलेल्या सभागृहांची मुदत जानेवारी 2025 मध्येच संपली होती आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. आमचे गाव विलीन करा किंवा करू नका, असा ठराव करायला तिथे सभागृहच नव्हते. म्हणून लोकांना बोलायला जी एकमेव खिडकी उघडी होती ती वॉर्डांच्या मसुद्याची. विलीनीकरण हवे की नको, हे त्या खिडकीत कुणी विचारतच नाही. तिथे विचारतात ते एवढेच, की रेघ इथून जावी की तिथून.

रेघेला एवढे महत्त्व का, तर हिशेब पाहा. 2011 च्या जनगणनेत जीएचएमसीची लोकसंख्या सुमारे 67 लाख होती. 150 वॉर्डांत वाटली तर एका नगरसेवकामागे 45 हजार माणसे येतात. दुसरीकडे एकट्या मणिकोंडा नगरपालिकेत 20 वॉर्ड होते आणि निजामपेटमध्ये 33. तिथला नगरसेवक कोपऱ्यावर भेटायचा. मोठ्या महानगरपालिकेत पैसा जास्त, यंत्रे जास्त, पण नगरसेवक लांब. शिवाय हिशेबाला धरलेली जनगणना 2011 ची. तेव्हा मणिकोंडा आणि निजामपेट ही ग्रामपंचायतीची गावे होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींतली माणसे त्या आकड्यांत नाहीतच.

आता आमची चूक. मंडळातर्फे जी पत्रे गेली, त्यातल्या बहुतेकांत 'विलीनीकरण अन्यायकारक आहे, रद्द करावे' असेच लिहिले होते. रागाला जागा होती, पण असे पत्र वॉर्डरचनेच्या फाइलमध्ये नुसते पडून राहते, कारण त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार ती फाइल पाहणाऱ्याला नसतो. उपयोगाचे पत्र साधे असते. मसुद्यातल्या वॉर्डाचा क्रमांक आणि नाव लिहायचे. हद्द कुठे चुकते ते रस्ता, नाला, रेल्वेरूळ यांच्या खुणेने सांगायचे. उदाहरणार्थ, एकाच कॉलनीची दोन गल्ल्यांत फाटाफूट झाली असेल आणि पाण्याची टाकी एका वॉर्डात, तर ते पाणी पिणारी अर्धी घरे दुसऱ्यात, तर तेवढेच लिहायचे. मग हद्द कुठून न्यावी हे सुचवायचे, आणि त्याने शेजारच्या वॉर्डाची लोकसंख्या फार कमी-जास्त होत नाही हेही दाखवायचे. सोबत नकाशाची प्रत, सह्या, पत्ते. आणि पोच घ्यायचीच! पोच नसलेली हरकत दिली काय आणि न दिली काय.

आपल्या काही सभासदांची मुले इंग्लंडात आहेत, त्यांच्याकडून तिकडची हकिकत कळली. सरे परगण्यात वरची परगणा परिषद आणि खालच्या 11 स्थानिक परिषदा मोडून एकाच स्तराची नवी मंडळे करायची होती. दोन की तीन, यावर सरकारने 2025 मध्ये 17 जूनपासून 5 ऑगस्टपर्यंत, म्हणजे सात आठवडे, लोकांची मते घेतली. बहुतेक स्थानिक परिषदांना तीन हवी होती, सरकारने दोन ठरवली. म्हणजे वेळ भरपूर मिळाला तरी ते मतदान नव्हतेच. फरक एवढा, की दोन्ही आराखडे लोकांसमोर आधीपासून होते.

भाषेबद्दलही विचारणा झाली : सूचना मराठीत का नाही? 1956 च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या केंद्राच्या निवेदनात, स्थानिक लोकसंख्येच्या किमान 15 टक्के भाषक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असे म्हटले आहे. बेळगावची मंडळी त्यावर बोट ठेवून भांडू शकतात. हैदराबादेत आपण त्या आकड्याच्या जवळपासही नाही. तेलुगू सराईतपणे बोलणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनाही राजपत्रातली तेलुगू जड जाते, म्हणून हे काम मंडळानेच करायचे ठरले आहे.

पुढची जनगणना 2027 ची आहे. तिचे आकडे आले की वॉर्डांच्या रेघा पुन्हा हलवण्याची मागणी होईल, आणि एवढे मोठे शहर एकाच महानगरपालिकेने सांभाळावे की नाही हा वादही डिसेंबर 2025 मध्ये मिटलेला नव्हता. तेव्हा कॉलनीनिहाय यादी आतापासूनच करत आहोत. रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या खोलीत दोन कार्यकर्ते बसतात. येताना घरपट्टीची शेवटची पावती आणि मतदार ओळखपत्राची प्रत आणावी. नवा पत्ता मंडळाच्या वहीत नोंदवला नसेल तर तोही नोंदवून घ्यावा.