नुसतं पाहिलं तरी गुन्हा

‘मी डाउनलोड केलं नाही, कुणाला पाठवलंही नाही, फक्त पाहिलं.’ मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबाबत हा बचाव अनेकांना पुरेसा वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा चित्रफिती फोनमध्ये उतरवून पाहिल्याच्या एका प्रकरणातला खटला रद्द केला होता. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमात असं साहित्य शोधणं, पाहणं, उतरवून घेणं हे सारंच येतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पॉक्सो’ या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या १५ व्या कलमाखाली असं साहित्य जवळ बाळगणं, नष्ट न करणं, न कळवणं हेही पाठवण्याच्या हेतूची खूण ठरू शकतं. ताबा म्हणजे फाइल फोनमध्येच असायला हवी असंही नाही. पडद्यावरच्या चित्रफितीवर पाहणाऱ्याचं नियंत्रण असलं, तर तोही ताबाच.

अशा चित्रफितीची अनोळखी लिंक चुकून उघडली तर? ती लगेच बंद करावी आणि कळवावी. नुसतं बंद करून जबाबदारी संपत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. पुरावा म्हणून ती चित्रफीत मित्राला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर मात्र मुळीच पाठवू नये. तो स्वतंत्र गुन्हा होतो.

कायदा इतका कठोर आहे, आणि तो तसाच असावा असं मला ठामपणे वाटतं. चित्रफितीतलं मूल खरं असतं. अत्याचार एकदा घडतो, पण प्रत्येक नवा प्रेक्षक त्या मुलाची अप्रतिष्ठा पुन्हा करतो आणि पुढच्या चित्रफितीची मागणीही वाढवतो.