अक्षराला लाख आणि शब्दाला साठ पैसे

धार म्हटलं की भोजराजा, आणि भोजराजा म्हटलं की अक्षराअक्षराला लाख. माळव्यातल्या मराठी घरांत ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते. लिहिण्याच्या पैशांबद्दलचे आपले गैरसमज तिथूनच सुरू होतात, आणि आज धार-देवासला बसून पुण्या-मुंबईसाठी किंवा इंदूरच्या जाहिरात संस्थांसाठी लिहिणाऱ्या मुलामुलींना ते फार महागात पडतात.

गैरसमज : पूर्वी लेखकाच्या कामाला मोल होतं.

परमार भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारला राज्य करत होता. तो विद्वानांचा आश्रयदाता होता आणि स्वतःही ग्रंथकार होता, हे खरं आहे. पण लाखांच्या दानाच्या कथा मुख्यतः ज्या ‘भोजप्रबंधा’मुळे पसरल्या, तो बल्लाळाने रचला भोजानंतर काही शतकांनी. त्यात कालिदासही भोजाच्या दरबारात येतो, आणि कालिदास तर भोजाच्या कितीतरी आधीचा. म्हणजे या कथांना जमाखर्चाचा पुरावा मानता येत नाही. शिवाय त्या कथांमध्येसुद्धा दर कवी ठरवत नाही. राजा खूश झाला तर लाख, नाही झाला तर काहीच नाही. काम आधी आणि आकडा नंतर, तोही देणाऱ्याच्या मर्जीने, ही रीत आजही जशीच्या तशी चालू आहे. ‘तुम्ही पाठवा, मानधनाचं बघू’ हे वाक्य ऐकलं नाही असा मुक्त लेखक मला भेटलेला नाही.

देवासचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ मध्ये आली, आणि देवासच्या आठवणींचं ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ मध्ये. हा माणूस लेखणीवर जगला असं कुणालाही वाटेल. पण १९५६ मध्ये वडिलांच्या मावशीचं, मेरिअन थॉर्नटन यांचं, चरित्र लिहिताना त्यांनी उघड सांगितलं की तिने मागे ठेवलेल्या आठ हजार पौंडांमुळेच आपल्याला लेखक होता आलं. एवढ्या मोठ्या लेखकाने आपला खरा आधार आकड्यासकट सांगितला, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे कुणाची प्राध्यापकी असते, कुणाचं घरभाडं येतं, कुणाच्या घरात दुसरा पगार असतो. ते कुणी बोलत नाही. मग नवा माणूस समजतो की हे सगळे लेखांवर जगतात आणि आपल्यालाच काही जमत नाही.

गैरसमज : आपला दर दुसऱ्याला सांगू नये. सांगितला तर काम जातं.

आपल्याला मिळालेली रक्कम दुसऱ्या लेखकाला सांगायला कायद्याची बंदी नाही. गुप्ततेच्या करारावर सही केली असेल तर त्यातलं कलम पाळावं लागतं, एवढंच. दर लपवल्याने फायदा फक्त एकाचा होतो : ज्याला सगळ्यांचे दर माहीत आहेत त्याचा, म्हणजे काम देणाऱ्याचा. इंदूरची एखादी संस्था एकाच पुस्तिकेची अर्धी पानं धारच्या अनुवादकाला एका दराने आणि अर्धी देवासच्या अनुवादिकेला दुसऱ्या दराने देऊ शकते. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत तोवर दोघांनाही वाटतं, बाजारभाव हाच.

पण नुसता ‘शब्दाला साठ पैसे’ एवढा आकडा सांगूनही भागत नाही. समजा, देवासच्या कुणाला दोन हजार शब्दांचा हिंदीतून मराठीत अनुवाद मिळाला. बिल झालं १,२०० रुपये. अनुवादाला आठ तास, वाचून नीट करायला दोन तास, ‘जरा सोपी भाषा करा’ असं म्हणून परत आलेल्या मजकुरावर आणि फोनवर आणखी दोन. बारा तासांचे १,२०० म्हणजे तासाला शंभर रुपये. त्यातून वीज, इंटरनेट, शब्दकोश हे सगळं स्वतःचंच. पैसे दोन महिन्यांनी आले तर तोवरचं किराणा-दूधही स्वतःच्याच खिशातून. आता हाच मजकूर जर मूळ लेखन असेल, त्यासाठी चार माणसांना भेटायला पीथमपूरला दोन फेऱ्या कराव्या लागल्या असतील, तर साठ पैशांचा अर्थच बदलतो.

म्हणून दर सांगताना सोबत शब्दसंख्या, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या झाल्या, पैसे किती दिवसांनी खात्यात आले आणि हक्क कुणाकडे गेले, हेही सांगायचं. त्याशिवाय दोन आकड्यांची तुलना होत नाही. ज्याने वेळेवर आणि चांगले पैसे दिले त्याचं नावही याच गप्पांमधून पुढे जातं, आणि जायलाच हवं.

गैरसमज : लहान गावात राहता, तर दर कमीच असणार.

धारहून इंदूर साधारण साठ किलोमीटर, देवासहून चाळीसच्या आत. पण लेखाची किंमत लिहिणाऱ्याच्या घरभाड्यावरून ठरवायची हा न्याय कुठला? मजकूर कुठे वापरला जाणार, किती काळ वापरला जाणार आणि त्याला कोणतं कौशल्य लागलं, यावर ती ठरते. हिंदी आणि मराठी दोन्ही घरच्यासारख्या येणारी माणसं पवारांच्या या जुन्या संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पुण्याच्या प्रकाशकाला असा माणूस शोधावा लागतो. ही आपली जमेची बाजू आहे. तिच्यावर आपणच सूट देत बसू नये.

गैरसमज : मानधन घेतलं की लेख त्यांचा झाला.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि या बाबतीत तो लेखकाच्या बाजूने आहे. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेलं सामान्यतः मालकाचं असतं, सरकारी कामालाही वेगळा नियम आहे. पण मुक्त लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

खरा धोका असतो पैशांच्या पावतीत. रक्कम, तारीख, सही, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ : ‘या लेखाचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.’ घाईत सही होते, आणि पाचशे रुपयांत लेखकाच्या हयातीचे आणि त्यानंतरच्या साठ वर्षांचे हक्क जातात. ती ओळ खोडून ‘एकदा प्रकाशित करण्याची परवानगी’ असं लिहा आणि मग सही करा. बहुतेक वेळा समोरचा काही बोलतही नाही, कारण तो मजकूर त्याने कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेला असतो.

गैरसमज : करारपत्र नव्हतं, म्हणजे पैसे बुडाले.

तोंडी करारही करारच, हे १८७२ च्या करार कायद्यापासून मान्य आहे. तो सिद्ध करायला व्हॉट्सअॅपवरचा ‘हो, दोन हजार देऊ, शुक्रवारपर्यंत पाठवा’ हा निरोप उपयोगी पडतो, म्हणून असे निरोप पुसू नका. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते.

यापेक्षा सोपी वाट फार कमी लेखकांना माहीत आहे. लेखन-अनुवादाची सेवा देणारी एकटी व्यक्तीही ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून विनामूल्य नोंदणी करू शकते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत लेखी ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी राज्याची सुविधा परिषद. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करून ठेवावी. निकालाला वेळ लागतो हेही खरं. तरी बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखा विभागात ते बिल वरच्या ढिगात जातं.

न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून मुक्त काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदाच लागू केला. ८०० डॉलर किंवा जास्तीचं काम असेल तर लेखी करार, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. आपल्याकडे लेखकांसाठी तसा खास कायदा नाही, म्हणून आहे त्याचा वापर करावा.

गैरसमज : दहा टक्के कापून घेतले, ते गेले.

टीडीएस हा आगाऊ भरलेला कर आहे. पॅन दिलेला असेल आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. एप्रिल २०२५ पासून एका संस्थेकडून वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या व्यावसायिक मानधनावर ही कपात सक्तीची नाही.

‘पैसे नाहीत, पण नाव होईल’ याबद्दल थोडक्यात : ज्या अंकाच्या कागदाला, छपाईला आणि टपालाला पैसे आहेत, त्याच्याकडे लेखासाठीही असायला हवेत. हौशी, बिनजाहिरातीच्या अंकाला आपण आनंदाने फुकट लिहावं, पण ते आपण ठरवून.

धार-देवासच्या आणि एकूणच माळव्यातल्या ज्येष्ठ लेखक-अनुवादकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी एखादा नवा मुलगा किंवा मुलगी ‘काका, अशा कामाचे किती घ्यावेत?’ असं विचारेल तेव्हा ‘ते कामावर असतं’ म्हणून वाटेला लावू नका. तुम्ही शेवटचं काम केलंत त्याची रक्कम, शब्द आणि पैसे यायला लागलेले दिवस, तिन्ही आकडे सांगा.