डोंगरातली शर्यत आणि संपावर गेलेलं पोट

सिंहगड-राजगड-तोरणासारख्या 53 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अनेकदा पायांआधी पोट हार मानतं. कारण रक्ताची वाटणी. कठीण चढावर रक्त स्नायूंकडे आणि अंग थंड ठेवायला कातडीकडे वळतं. आतड्यांचा वाटा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. मग ऊर्जेसाठी खाल्लेली गोड जेल पोटातच साचते, मळमळतं, उलटीतून उरलंसुरलं पाणीही जातं.

घाबरून घटाघट साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. भ्रम होऊ शकतो, झटकेही येऊ शकतात. उलटीतून गेलेलं पाणी-मीठ भरून काढायचा उपाय शर्यतींच्या जगातला नाहीच. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजेच ओआरएस, पाजून असंख्य जीव वाचवले. ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आतड्यातून आत शिरतं, पाठोपाठ पाणी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरसाठी असते; कमी पाण्यात घट्ट कालवू नये.

कडक उन्हात सराव करणाऱ्याला घामाची सवय होते, धावता धावता खाण्याची नाही. तीही सरावातच लावावी. पोट बिघडलं की वेग उतरवून घोट घोट प्यावं. लघवी थांबली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर शर्यत सोडून डॉक्टर गाठावा. अशा वेळी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडांना महागात पडू शकते.