आदल्या दिवशीच्या पंधरा भाकरी

उद्या शर्यत. आज काय करायचं? खायचं, झोपायचं, आणि सायकलला उगाच हात लावायचा नाही. आठ-दहा महिने घाम गाळणाऱ्या माणसाला या तीन गोष्टी सांगितल्या, की तो अक्षरशः कासावीस होतो.

समजा, आपल्या संभाजीनगरच्या सिडकोतला एखादा गडी दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकला निघाला. डोंगरी सायकलींची ही शर्यत २००४ पासून मार्च महिन्यात केप टाऊनच्या आसपास होते. आठ दिवस, सहाशे ते सातशे किलोमीटर, दगडगोट्यांतून, वाळूतून, द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने. जोडीनेच उतरायचं असतं. दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड, म्हणजे लग्नापेक्षा कडक नियम. आणि चढ? सगळे मिळून पंधरा हजार मीटरच्या आसपास.

पंधरा हजार मीटर हा आकडा वाचून काहीच होत नाही. माझंही झालं नव्हतं. मग एका रविवारी मी दौलताबादच्या किल्ल्यावर, म्हणजे देवगिरीवर गेलो. तिकीट काढलं, चांदमिनार डावलला, खंदकावरचा पूल ओलांडला, अंधारीच्या काळोख्या भुयारात मोबाइलचा दिवा लावून भिंतीला हात टेकत वर आलो, गणपतीच्या देवळापाशी श्वास घेतला आणि बारादरीपर्यंत पोचेस्तोवर गुडघ्यांनी निषेध नोंदवला होता. देवगिरीचा हा कातळ पायथ्यापासून साधारण दोनशे मीटर उंच. तेवढ्यासाठी थांबत-थांबत मला तासावर लागला. आता भागाकार करा: पंधरा हजार भागिले दोनशे, पंच्याहत्तर. आठ दिवसांत पंच्याहत्तर वेळा देवगिरी. रोज नऊ, आणि अधूनमधून दहावाही. तोही पायऱ्यांनी नव्हे, सायकलवर बसून. आणि प्रत्येक वेळी खाली येताना हाताची बोटं ब्रेकवर आखडलेली.

त्या रविवारनंतर मला आकड्यांची भाषा बदलावीशी वाटली. परदेशातल्या शर्यतीचे आकडे परदेशी मापात पचत नाहीत, ते आपल्या वेशीवरच्या दगडावर घासून बघावे लागतात.

तर आदला दिवस. पहिला प्रश्न पोटाचा. स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते, सगळी मिळून चारशे-पाचशे ग्रॅम. ही टाकी काठोकाठ भरायची तर आदल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे दहा ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ पोटात जावे लागतात. पासष्ट किलोच्या माणसाला साडेसहाशे ग्रॅम. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी धरली तर तिच्यात हे साधारण त्रेचाळीस ग्रॅम निघतात. म्हणजे पंधरा भाकरी. एका दिवसात! (प्रत्यक्षात आदल्या दिवशी भाकरी कुणी खात नाही, इतका चोथा पोटात घेऊन खडबडीत वाटेवर निघणं म्हणजे संकटाला आवतण. भात खातात, पास्ता खातात, केळी खातात. पण भात घेतला तरी कच्चा तांदूळ पाऊण किलोच्या वर जातो.)

यात एक गंमत आहे. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे पाचशे ग्रॅम साखरेसोबत दीड लिटर पाणी. नीट जेवलेला गडी शर्यतीच्या सकाळी काट्यावर उभा राहिला की वजन किलो-दीड किलो वाढलेलं. आणि हाच तो गडी, ज्याने वर्षभर दोनशे ग्रॅम हलकी चाकं मिळावीत म्हणून घरच्यांपासून लपवून खर्च केला!

हे दोनशे ग्रॅम किती किमतीचे, ते मी कागदावर मांडून पाहिलं. पंधरा हजार मीटर वर चढवायला दोनशे ग्रॅमला लागणारं काम तीस किलोज्यूलच्या आत. माणसाचं शरीर खाल्लेल्या ऊर्जेतला चौथा हिस्सासुद्धा पायडलपर्यंत पोचवत नाही, बाकीची उष्णता होऊन जाते. तो तोटा धरला तरी हिशेब तीसेक कॅलरीवर थांबतो. भाकरीचा एक घास. आठ दिवसांच्या अख्ख्या चढात हलक्या चाकांनी वाचवला तो एवढाच एक घास. अंगातलं ते दीड किलो पाणी शेवटपर्यंत वाहून नेलं असं धरलं, तरी खर्च एका भाकरीचा.

मग पूर्ण माणसाचा हिशेब? पासष्ट किलोचा तो, दहा किलोची सायकल, पाठीवर तीन किलो पाणी आणि अवजारं. अठ्ठ्याहत्तर किलो पंधरा हजार मीटर उचलायचे. महावितरणच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर सव्वातीन युनिटच्या आत. मे महिन्यात संभाजीनगरच्या कुठल्याही बेडरूममध्ये दीड टनाचा एसी दोन तासांत एवढी वीज खातो. मी हा गुणाकार तीनदा करून पाहिला, कारण विश्वास बसेना. आठ दिवसांचा तो सगळा पराक्रम, धापा, पेटके, रडकुंडी, आणि मीटरवर फक्त तीन आकडे सरकलेले.

पण शरीर मोटर नव्हे. तेवढ्याच चढासाठी त्याला बारा हजारांच्या आसपास कॅलरी जाळाव्या लागतात, त्यातल्या नऊ हजार निव्वळ उष्णता. ती बाहेर टाकायला पंधरा-सोळा लिटर घाम वाळवावा लागतो, एक मोठा माठ. सपाटीवरचं अंतर, वाळूचा अडथळा, वारा, सूर्य यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

दुसरा प्रश्न सायकलचा. विमानात न्यायला ती खोक्यात बंद केलेली असते, आणि आदल्या दिवशी मुक्कामाच्या दारात ती जोडायची असते. मी एकदा माझी सायकल पॅक करताना डावं पायडल काढायला पाऊण तास झगडलो. पाना घसरला, आंगठ्याचं साल गेलं. शेवटी गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही घट्ट करताय." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. ज्या शहरात बजाजच्या वाळूजच्या कारखान्यातून १९८५ पासून गाड्या बाहेर पडताहेत, तिथे राहून मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. असो.

बारा गिअरच्या नव्या साखळीच्या खोक्यावर १२६ कड्या लिहिलेल्या असतात. प्रत्येक कडीला एक पिन, एक रोलर, दोन पट्ट्या. झाले पाचशे चार तुकडे. यातला एक जरी डोंगरात तुटला तरी बाकीचे पाचशे तीन निरुपयोगी. आदल्या रात्री स्वार साखळी बोटांतून जपमाळेसारखी ओढत बसतात ती उगाच नव्हे. हवा मात्र कमी ठेवायची. मोटारीच्या टायरमध्ये असते त्याहून कमी. दगडावर चाक दबलं पाहिजे, उडालं नाही पाहिजे. आंगठ्याने टायर दाबून पाहायचा, एक फुस्स सोडायची, पुन्हा दाबायचा. ही फुस्स त्या दिवसात किती वेळा होते, ते मात्र कुणी मोजत नाही.

आपल्या लोकांनी गाजवल्या त्या शर्यती डोंगरी सायकलींच्या नव्हेत, डांबरी रस्त्यांवरच्या. पण आदला दिवस तोच. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिका आडवी कापणारी रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. दोन वर्षांनी नाशिकला राहणारे लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पश्चिमेच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अनापोलिसपर्यंत सुमारे ४,९०० किलोमीटर, बारा दिवसांत. म्हणजे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग सात वेळा. (त्या महामार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा सराव तिथे नको.) रोजचं सांगायचं तर संभाजीनगरहून पुण्याला जायचं आणि परत साधारण नेवासा फाट्यापर्यंत यायचं. बारा दिवस.

समर्थांना लागले ११ दिवस २१ तास ११ मिनिटं. मर्यादा २८८ तासांची, त्यातले तीनही शिल्लक नव्हते, म्हणजे शंभरातला जेमतेम एक हिस्सा. सरासरी वेग ताशी सतरा किलोमीटर. हसू नका. जालना रोडवरून क्लासला जाणारं पोरही रिकाम्या रस्त्यात याच वेगाने जातं. फरक एवढाच, की या सतरामध्ये झोप धरलेली आहे, जेवण आहे, शौच आहे, सिग्नल आहेत, आणि कोलोरॅडोतल्या तीन हजार मीटरवरच्या खिंडी आहेत.

पुढच्याच वर्षी, २०१८ च्या जुलैत, समर्थ मॉस्कोत उभे होते. समोर ट्रान्स-सायबेरियन शर्यत: नऊ हजार शंभर किलोमीटरच्या आसपास, पंधरा टप्पे, पंचवीसेक दिवस, व्लादिवोस्तोकपर्यंत. समृद्धी तेरा वेळा. चढ ७७,००० मीटरचा, म्हणजे देवगिरी ३८५ वेळा. मिनिटाला ऐंशी फेरे आणि ताशी पंचवीसचा वेग धरला तर पायडलचे सतरा लाखांवर फेरे होतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला दीड फेरा, आणि ते सगळे एका माणसाने मारले.

मला त्यातला सगळ्यात विलक्षण आकडा मात्र घड्याळाचा वाटतो. मॉस्कोहून ते निघाले तेव्हा नागपूरच्या अडीच तास मागे होते. पोचले तेव्हा साडेचार तास पुढे. नागपूर जागचं हललं नाही; पण रोज घरी फोन करायची वेळ सायकलने सरकत गेली. पायाने सात तास ओढून आणणारी माणसं फार नसतात.

केप टाऊन त्या मानाने सोपं, आपल्याहून साडेतीन तास मागे. मुक्कामावर रात्री नऊला दिवे मालवतात. सिडकोतला आपला गडी पाठीवर पडलेला असतो, नाडी अजून जोरात चाललेली, बाजूला साखळी, टायर, चिकटवलेला नंबर. इथे घरी साडेबारा वाजलेले असतात. आई जागीच असते. तिचा एकच मेसेज येतो: "जेवलास का नीट?"

"हो ग. पंधरा भाकऱ्यांएवढं."

पलीकडून बराच वेळ टायपिंग दिसतं, मग बंद होतं, मग पुन्हा दिसतं. "मग आणखी एक खाऊन झोप."