हरवलेला साप जवळच असतो

आमच्या मराठवाड्यात रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. कुणी 'लांबडं' म्हणतं, कुणी 'जनावर'. आमच्या घरी अम्मी 'रस्सी' म्हणायची. साप चावला तर 'पान लागलं' म्हणायचं. भाषेनं भीतीवर घातलेलं हे पांघरूण कवी म्हणून मला आवडतं. पण साप खरोखरच घरात शिरला किंवा कुणाच्या हातून निसटला, तर हे पांघरूण कामाला येत नाही. तेव्हा साप कसा वागतो, हे माहीत असावं लागतं.

'निसटला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मोठ्या शहरांत परदेशी अजगर पाळायची हौस आली आहे. आपल्याकडे काही उत्साही मुलं पकडलेला साप 'उद्या सोडू' म्हणून रात्रभर बरणीत ठेवतात. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या जुन्या वस्तीत अशाच एका बरणीचं झाकण ढिलं राहिलं आणि नाग पसार झाला. सगळी गल्ली लेकराबाळांसह ओट्यावर बसून राहिली. तरुण मंडळी काठ्या अन् बॅटऱ्या घेऊन नाल्यापर्यंत हिंडली. नाग सकाळी सापडला तो त्याच खोलीत, धान्याच्या कोठीमागे.

यात नवल काहीच नाही. मार्च 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातून एक इजिप्शियन नाग नाहीसा झाला. साऱ्या शहरात चर्चा, थट्टा आणि घबराट. कर्मचाऱ्यांनी सर्पगृह बंद ठेवलं आणि धीर धरला. जवळपास आठवड्यानं नाग त्याच इमारतीत, एका अंधाऱ्या कोपऱ्यात मिळाला. मे 2021 मध्ये जपानच्या योकोहामा शहरात साडेतीन मीटरचा पाळीव अजगर सुटला. पोलिसांनी आसपासचा परिसर पालथा घातला. दोन आठवड्यांनंतर तो त्याच इमारतीच्या छताखालच्या पोकळीत सापडला.

असं का होतं? साप थंड रक्ताचा प्राणी. अंगातली ऊब तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो. उघड्यावर त्याला घार, मुंगूस आणि माणूस यांची भीती. म्हणून सुटल्यावर तो धावत सुटत नाही, भिंतीची कड धरून सरकतो आणि पहिली अंधारी, अरुंद, उबदार जागा मिळाली की तिथंच वेटोळं घालतो. फ्रिजच्या मागची बाजू, पेट्यांची उतरंड, अंथरुणांची चळत, चपलांचा ढीग, जळण या त्याच्या आवडत्या जागा. डोकं मावेल एवढी फट त्याला पुरते.

तेव्हा साप दिसला किंवा निसटल्याचं कळलं, तर आधी माणसं आणि लेकरं बाहेर काढा. खोलीचं दार लावून खालच्या फटीत गोणपाट किंवा ओली चादर घट्ट कोंबा. साप दिसत असेल तर एकानं सुरक्षित अंतरावरून नजर ठेवावी. मग वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला फोन करा. साप दिसत नसेल तर भिंतीच्या कडेनं आणि उंबऱ्यावर पीठ किंवा रांगोळी पातळ पसरून ठेवा. रात्री तो हलला तर सकाळी रेघ दिसते, आणि कोणत्या दिशेला गेला तेही कळतं. अडगळीत हात मात्र घालू नका. साप बिनविषारी आहे की विषारी, हे ठरवण्याच्या भानगडीतही पडू नका. कवड्या आणि मण्यार यांत भले भले फसतात, आणि मण्यारच्या दंशाला वेदना इतकी कमी असते की झोपलेल्या माणसाला कधी कधी पत्ताही लागत नाही.

पुढची काळजी साधी आहे. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपाआधी लातूरकडची बहुतेक गावं दगडमातीच्या जाड भिंतींची होती आणि त्या भिंतींत उंदरांबरोबर सापही नांदत. आता सिमेंटची घरं झाली, तरी मोरीचं तोंड आणि दाराखालची फट उघडीच असते. मोरीला बारीक जाळी बसवा, दाराला रबराची पट्टी लावा, जळण-विटा भिंतीपासून दूर रचा. उंदीर कमी झाले की साप कमी होतात. फिनाईल आणि लसणावर विसंबू नका. जमिनीवर झोपण्यापेक्षा खाट बरी, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी.

आता पाळणाऱ्यांविषयी. आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं, मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. परवानगीविना नाग बरणीत ठेवणं हे शौर्य नाही, गुन्हा आहे. कायद्याच्या यादीतले परदेशी साप बाळगायचे तर 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ज्याच्याकडे असा साप आहे त्यानं पिंजऱ्याला कुलूप लावावं, सरकत्या काचेची आणि हवेच्या भोकांची रोज तपासणी करावी. आणि साप निसटलाच, तर पहिल्याच मिनिटाला शेजाऱ्यांना सांगावं. लाजेनं किंवा खटल्याच्या भीतीनं गप्प राहिलेला माणूस सापापेक्षा धोकादायक असतो, कारण शेजारचं पोर त्या रात्री जमिनीवर निजणार असतं.

एवढं करूनही पान लागलंच, तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता 108 ची गाडी बोलवा आणि सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती वेळेत मिळाली तर माणूस आपल्या पायांनी घरी येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)