अभंग सोबत घेऊन

बैलबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या बेल्ह्यातून निघालेला रस्ता आणे घाट चढून, टाकळी ढोकेश्वरवरून नगरला पोचतो. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने तिथे ठाणं मांडलं. मराठीतली धर्मांतराची सर्वांत गाजलेली कहाणी बरीचशी याच शहराच्या आसपास घडली.

नारायण वामन टिळक मूळचे कोकणातल्या करजगावचे, चित्पावन ब्राह्मण. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक बाटले!

त्याची खरी झळ लागली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालेना. काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. मग नवऱ्याजवळ नगरला आल्या, तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. एरवी शीघ्रकोपी असलेल्या टिळकांनी या बाबतीत मात्र सक्ती केली नाही, हे त्यांच्या खाती जमा करायला हवं. पुढे राहुरीत असताना बाईंच्या मनाने अचानक उचल खाल्ली: जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळताच कोणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा १९०० साली झाला. जात त्याआधीच सुटली होती. हे सारं ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी इतक्या मिश्किलपणे लिहिलं आहे, की वाचक रडावं की हसावं या पेचात पडतो.

टिळकांनी जानवं सोडलं, तुकोबा सोडले नाहीत. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तनं केली. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही गातात. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तोही संन्याशाच्या वृत्तीने. १९१९ साली ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अर्धवट होतं. नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले.

नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र टिळकांसारखे ब्राह्मण नव्हते. ते महार-मांग वस्त्यांतून आले. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर ही संख्या वाढली, तसा ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणाही वाढला. भुकेल्याला भाकरी लागते हे खरंच. पण वेशीबाहेर राहणाऱ्याला शाळेचा बाक आणि नावाने मारलेली हाकही हवी असते, हे टोमणा मारणारे सोयीने विसरत.

आणि जात? ती गावाच्या लेखी तशीच राहिली, कागदावर मात्र गेली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंना मिळाला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही.